देवघरातील दोन पाषाण

ज्या मराठी घरांत पंचायतनाची पूजा चालत आली, त्या घरांत विष्णूच्या जागी गंडकीचा शाळिग्राम आणि शिवाच्या जागी नर्मदेचा बाण असे दोन पाषाण एकाच ताम्हनात शेजारी बसत आले. परंतु भूशास्त्राच्या दप्तरी या दोहोंची वंशावळ सर्वस्वी भिन्न आहे. शाळिग्राम म्हणजे हिमालय उदयास येण्यापूर्वीच्या समुद्रात नांदणाऱ्या, आपल्या माकुळाच्या दूरच्या भाऊबंदाचा, अ‍ॅमोनाइट नामक जीवाचा अश्मीभूत अवशेष; बाण हा बहुधा गारगोटीच्या जातीचा दगड, प्रवाहात घासून लंबगोल झालेला, ज्यात जीव कधी नव्हताच. शाळिग्रामाचे चक्र न्याहाळावे: वेटोळे बाहेर येताना क्रमाने रुंदावते, कंगोरे ठराविक अंतराने उमटतात आणि फुटलेल्या नगात कप्प्यांचे पडदे ओळीने दिसतात. बाणावरील पट्टे कितीही सुबक असोत, त्यांत अवयवांची रचना शोधूनही सापडत नाही.

त्याच नर्मदेने ज्याची उत्तर सरहद्द आखली, तो नंदुरबार जिल्हा, म्हणजे 1998 साली धुळ्यापासून विभक्त झालेला जुन्या पश्चिम खानदेशाचा मुलूख, जीवावशेष की निव्वळ दगड या परीक्षेत मोठा फसवा आहे. दगडाची पारख इथल्या माणसास नवी नव्हे. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे 1955 साली पुरातत्त्व खात्याच्या बालकृष्ण थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतून कॅल्सेडनीची बारीक पाती निघाली. पण जिल्ह्याची बहुतेक भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, आणि तप्त लाव्ह्यात जीवावशेष टिकणे दुर्घट. तरीही ओढ्यात हाडासारखा सच्छिद्र धोंडा हाती येतो. त्याची छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची, लहानमोठी, अस्ताव्यस्त व पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात, तर खऱ्या हाडाची जाळी एका धाटणीची असते. चिरेवर नाजूक काळ्या फांद्या दिसल्या की नेच्याचे पान सापडल्याचा भास होतो. भिंगाखाली मात्र त्या पानास मधली शीर नसते, कारण ती फटीत झिरपलेल्या मँगनीजयुक्त पाण्याची नक्षी असते.

नर्मदेच्या वरच्या अंगास, धार जिल्ह्यातील बाघ परिसरात, लाव्ह्यापूर्वी खोऱ्यात शिरलेल्या समुद्राचे चुनखडक उघडे आहेत. त्याच जिल्ह्यातील पाडल्या गावी काकड भैरव म्हणून, शेतशिवाराचा व गुराढोरांचा राखणदार मानून, पुजलेले गोल दगड डायनासोरची अश्मीभूत अंडी असल्याचे 2023 साली जाहीर झाले. त्या भाविकांना अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी ती फोडली नाहीत, विकली नाहीत, म्हणूनच तज्ज्ञांना ती पाहावयास मिळाली.

तापीच्या गाळाची गोष्ट निराळी. तो लाव्ह्यानंतर फार उशिरा साचला आणि त्यात जनावरांची हाडे राहू शकतात. तेव्हा त्या काठी संशयास्पद काही दिसल्यास वाचकाने ते उपटून घरी नेऊ नये. जागा, थर आणि शिवाराचे नाव टिपून, छायाचित्रासह, जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवावे.