प्रतिपक्षाचीच साक्ष

इ. स. १८९२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दक्षिण भागातील मेम्फिस शहरी ‘फ्री स्पीच’ या लहानशा वृत्तपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली. पत्राच्या संपादिका आयडा वेल्स परगावी होत्या, म्हणून बचावल्या. शहरात परत पाऊल टाकाल तर प्राणांशी गाठ आहे, अशी धमकी त्यांच्यामागोमाग गेली. एवढा कोप ओढवण्याजोगा त्यांचा अपराध कोणता? सर्वांनी खरी मानलेल्या एका समजुतीची त्यांनी चौकशी केली होती.

आयडाबाईंचा जन्म १८६२ साली मिसिसिपी राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी झाला. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आईबाप गेले. शिक्षिकेची नोकरी धरून त्यांनी धाकटी भावंडे सांभाळली आणि लेखन करता करता त्या वृत्तपत्राच्या भागीदार झाल्या.

न्यायालयाला डावलून जमावाने कृष्णवर्णीयांचे प्राण घ्यावेत, या प्रकारास तिकडे ‘लिंचिंग’ म्हणत. गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण, हे त्याचे ठरलेले समर्थन. १८९२ च्या मार्चमध्ये आयडाबाईंचे स्नेही टॉमस मॉस व त्यांचे दोन सहकारी यांना तुरुंगातून ओढून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यावर तसा आरोपही नव्हता. त्यांच्या किराणा दुकानामुळे एका गोऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक तुटले होते. वैराचे मूळ तेथे होते.

मग आयडाबाईंनी इतर प्रकरणे हाती घेतली. घटनास्थळी जाऊन त्यांनी माणसांना बोलते केले. कृष्णवर्णीयांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे ओळखून गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील बातम्या आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ची आकडेवारी त्यांनी पुरावा म्हणून मांडली. आठ वर्षांतील ७२८ बळींपैकी केवळ एकतृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप होता! ‘सदर्न हॉरर्स’ ही त्यांची पुस्तिका १८९२ मध्ये निघाली. १८९३ व १८९४ साली ब्रिटनमध्ये व्याख्याने देऊन त्यांनी तेथील लोकमत जागे केले.

१९३१ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले. लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. २०२० साली त्यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला आणि तो कायदा २०२२ मध्ये संमत झाला. कचेरीवरील हल्ल्यास तेव्हा १३० वर्षे लोटली होती. मेम्फिसचा छापखाना जमावाने मोडला. आयडाबाईंनी जमविलेला पुरावा मात्र त्याच्या हाती लागला नाही.