अमेरिकी कॉमिक्सच्या मुखपृष्ठांची जडणघडण

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉमिक्सचे अंक मुख्यतः वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकले जात. किंमत दहा सेंट, गिऱ्हाईक बहुधा शाळकरी. अंकांच्या दाटीत त्याचा हात आपल्याकडे वळवणे हे मुखपृष्ठाचे काम होते, आणि या कलेचे बहुतेक नियम त्यातूनच आले.

स्टॉलवर अंक एकावर एक चढवलेले असत. वरची पट्टी तेवढी दिसे. म्हणून शीर्षक वरच्या भागात, ठसठशीत अक्षरांत येई. न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळवण्यासाठी विक्रेते हीच पट्टी फाडून पाठवत. १९६३ मध्ये चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या सूचनेवरून ‘मार्व्हल’ या प्रकाशनाने वरच्या डाव्या कोपऱ्यात नायकाचे चित्र असलेली छोटी चौकट छापायला सुरुवात केली, तीही स्टॉलवर वरचाच भाग दिसत असल्याने.

छपाईच्या मर्यादांनीही शैली घडवली. आतली पाने स्वस्त वर्तमानपत्री कागदाची, मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत कागदाचे असे. चित्रकार काळ्या शाईत रेखाटन करी. रंगयोजना पुष्कळदा दुसऱ्याच्या हातची असे. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंतून सारे रंग साधायचे असल्याने जाड बाह्यरेषा आणि सपाट, भडक रंग यांवर भर राहिला.

जून १९३८ ची तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो शूस्टर यांचा सुपरमॅन हिरवी मोटार उचलून खडकावर आपटतो, समोरचा माणूस डोके धरून पळतो. हा नायक कोण, हे तिथे कुठेही लिहिलेले नाही. प्रकाशकाला हे दृश्य हास्यास्पद वाटले. सुपरमॅन मुखपृष्ठावर परतला तो थेट सातव्या अंकात. मार्च १९४१ च्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतो. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा हा अंक अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे वर्षभर आधीच स्टॉलवर आला होता.

युद्धानंतर गुन्हेगारी आणि भयकथांची मुखपृष्ठे अधिकाधिक उग्र झाली. एप्रिल १९५४ मध्ये कॉमिक्सची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीपुढे जॉनी क्रेग यांचे एक मुखपृष्ठ ठेवण्यात आले: एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्यात स्त्रीचे छिन्न मस्तक. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी भयकथेच्या अंकाला ते शोभते, असा बचाव केला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि मुखपृष्ठांवर तिचा शिक्का आला. ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द शीर्षकातून हद्दपार झाले. ‘क्राइम’ची अक्षरे इतर शब्दांहून ठळक नसावीत, इतक्या बारकाईने नियम आखले गेले.

रक्तपाताचे आकर्षण संपल्यावर कोड्याला महत्त्व आले. ‘डीसी’ या प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी मुखपृष्ठ ठरवून त्यावरून कथा लिहून घेत. सप्टेंबर १९६१ च्या ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकासाठी कार्माइन इन्फँटिनो यांनी मधोमध भिंत काढली, तिच्या दोन्ही बाजूंनी फ्लॅश नावाचे दोन वेगवेगळे नायक एकाच माणसाला वाचवायला धावतात. दोघे कसे, हे कळायला अंक विकत घ्यावा लागे.

१९७३ मध्ये फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट कॉमिक्सच्या खास दुकानांना अंक पुरवण्याची पद्धत सुरू केली. या दुकानांतले गिऱ्हाईक आपला अंक ठरवूनच येऊ लागले. अनोळखी वाटसरूला थांबवण्याची मुखपृष्ठावरची जबाबदारी त्यानंतर हळूहळू हलकी झाली.