ज्येष्ठ रुग्णासाठी शुश्रूषा केंद्र निवडताना काय तपासावे?

पक्षाघात, डिमेन्शिया, पार्किन्सन किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर अनेक ज्येष्ठांना रुग्णालयाची नव्हे, तर रोजच्या शुश्रूषेची गरज असते. वृद्धाश्रम किंवा शुश्रूषा केंद्र निवडताना खोली आणि बाग पाहण्याआधी पुढील गोष्टी तपासा.

कर्मचारी
रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती जण असतात? प्रशिक्षित नर्स असते का? तब्येत अचानक बिघडली तर रुग्णाला कुठे नेतात? उत्तरे लेखी मागा. शक्य असल्यास संध्याकाळीही केंद्र पाहून या.

औषधे
प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र तक्ता हवा. औषध दिल्याची वेळ आणि देणाऱ्याची सही त्यावर असावी. रुग्ण शांत राहावा म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय झोपेची गोळी देणे धोक्याचे आहे. रुग्णाला पलंगाला बांधून ठेवणे हा पडण्यावरचा उपाय नाही. सुटण्याच्या धडपडीत त्याला गंभीर इजा होऊ शकते.

त्वचा
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहावेत. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. त्यामुळे गरम, कडक किंवा दुखरा भाग ही बेडसोरची सुरुवात समजावी.

जेवण व पाणी
रुग्णाला ताठ बसवून, सावकाश, छोटे घास भरवावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. आडवे झोपवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. वजनाची नोंद दरमहा असावी.

पडणे टाळण्यासाठी
शौचालयात आधाराचे दांडे, कोरडी फरशी, रात्री दिवा आणि हाताशी घंटी हवी.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?
- अचानक गोंधळलेपण किंवा जास्त सुस्ती (जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे किंवा औषधाचा परिणाम असू शकतो)
- लघवी खूप कमी होणे
- नवीन जखम, किंवा कारण सांगता न येणारे काळे-निळे डाग
- झपाट्याने वजन घटणे
- ठरावीक कर्मचारी जवळ येताच रुग्ण घाबरणे

तक्रार कुठे करावी?
डाग किंवा जखमांचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि संचालकांकडे लेखी तक्रार करा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 विनाशुल्क आहे. मारहाण होत असल्यास 112 वर पोलिसांना कळवा.

केंद्रात ठेवल्याने कुटुंबाची जबाबदारी संपत नाही. देखभालीची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठ व्यक्तीला कायमचे टाकून देणे हा 2007 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. न कळवता, वेगवेगळ्या वेळी भेटायला जा. अशा भेटींना परवानगी नसेल, तर ते केंद्र न निवडलेलेच बरे.