अक्षहृदय : यादृच्छिक संख्यांचा एक छोटा इतिहास

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपण बहुधा विरहकथा म्हणून वाचतो आणि शिकवितो. त्या कथेतील मोजणीच्या प्रसंगाकडे मात्र साहित्याच्या वर्गात फारसे लक्ष जात नाही. प्रवासात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या एका झाडावरची पाने आणि फळे किती, हे नुसते पाहून सांगतो. बाहुकाच्या रूपात सारथ्य करणारा नल झाड तोडून खात्री करून घेतो. गणना बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे रहस्य देतो. बेहड्याची फळे हेच त्या काळचे फासे. उल्हास नदीकाठच्या दहिवलीभोवती, कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर, हा वृक्ष आजही आढळतो. ज्याला मोजणीचे मर्म कळले त्याच्यापुरता फाशांचा लहरीपणा संपतो, असे ही कथा सुचविते. यादृच्छिकता काही अंशी पाहणाऱ्याच्या अज्ञानात वसते, हा विचार तिच्यात बीजरूपाने आहे, असे आम्हांला वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हाच प्रश्न यंत्रापुढे उभा राहिला. गणकयंत्र नियमाबाहेर पाऊल टाकीत नाही. आणि अणुविज्ञानातील काही गणिते सोडविण्यासाठी तर फासे टाकावेत तशा लाखो संख्या हव्या होत्या. एनिॲक हे अमेरिकन यंत्र सुमारे तीस टनांचे होते, पण त्याची चालती स्मृती दहा-दहा अंकांच्या वीस संचयकांपुरती, म्हणजे अवघ्या दोनशे अंकांची होती. संख्यांचे तयार कोष्टक त्यात मावणे शक्य नव्हते आणि छिद्रपत्रांवरून ते वाचणे फार सावकाशीचे काम होते. तेव्हा जॉन फॉन नॉयमन यांनी यंत्राकडूनच संख्या घडवून घेण्याची युक्ती काढली. चार अंकी संख्येचा वर्ग करावा, तो आठ अंकी लिहून मधले चार अंक घ्यावेत, त्यांचा पुन्हा वर्ग करावा. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले अंक ५२२७. त्यावरून ३२१५, त्यावरून ३३६२. रीत ठाऊक नसलेल्याला या ओळीत कोणताही क्रम दिसणार नाही. अशा संख्यांना आपण छद्म-यादृच्छिक म्हणू : वेश लहरीचा, अंतरंग नियमाचे.

१९४९ साली लॉस एंजेलिस येथील परिषदेत फॉन नॉयमन यांनी ही रीत मांडली. अंकगणिताने यादृच्छिकता निर्माण करू पाहणे हे एक प्रकारचे पापच आहे, अशी थट्टाही त्यांनी केली. पापाचे फळ रीतीतच होते. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले चार अंक पुन्हा ३७९२. या संख्येवर पोहोचलेले यंत्र तेथून हलत नाही. ०५४० वरून २९१६, ५०३०, ३००९ आणि पुन्हा ०५४०, असे फेरेही आहेत. काही वाटा शून्यात जाऊन थांबतात.

त्याच १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने आपला शोध सांगितला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवीत होते. त्यांची रीतही चार अंकांचीच. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, चढत्या क्रमाने लिहावेत, मोठ्यातून लहान वजा करावी, आणि हेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत मुक्काम हाच.

एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांचे नाते लपत नाही. संख्येवर एक साधी क्रिया करायची, जे येईल त्यावर तीच क्रिया पुन्हा करायची आणि वाट कोठे जाते हे पाहायचे. संख्या मोजक्याच असल्यामुळे वाट केव्हातरी पूर्वीच्या एखाद्या मुक्कामावर येणारच. फॉन नॉयमन यांना जो अडथळा वाटला, तोच कापरेकरांना आनंद वाटला. एकाला वाट न संपणारी हवी होती. दुसऱ्याला तिच्या शेवटाचे सौंदर्य दिसले.

अडथळ्यावरचा उपायही १९४९ चाच. डी. एच. लेमर यांनी हार्वर्डच्या परिषदेत सुचविले की संख्येला २३ ने गुणावे, १०,००,००,००१ ने भागावे आणि उरलेली बाकी पुढची संख्या म्हणून घ्यावी. येथे प्रत्येक संख्येच्या मागे नेमकी एकच संख्या असते. दोन वाटा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून ६१७४ सारखा सर्वांना गिळणारा मुक्कामही तयार होत नाही. शून्य तेवढे टाळावे लागते. याच कुळातील एक रीत १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम-३६० या यंत्रांसाठी पुढे आली : १६८०७ ने गुणावे, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यावी. भाजक ही मूळ संख्या आहे, आणि दोनशे चौदा कोटींहून अधिक पायऱ्यांनंतरच हा क्रम पुन्हा सुरू होतो.

आज हीच रीत आर्डुइनो उनो या फलकावरच्या नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये चालते. त्याची चालती स्मृती २०४८ बाइट, म्हणजे एनिॲकच्या काळातील टंचाई आकाराने लहान होऊन परत आली आहे. फलकाला वीज दिली आणि ० ते ९ मधील अंक मागत गेले की ७, ९, ३, ८ असे येतात. वीज बंद करून पुन्हा दिली तरी ७, ९, ३, ८ च. कारण आरंभीचे बीज दर वेळी १ असते. बीज बदलण्यासाठी मोकळ्या सोडलेल्या टोकावरचा विजेचा क्षीण गोंधळ मोजून घेण्याची प्रथा आहे. पण ते मोजमाप फार तर १०२४ प्रकारचे येते. दोनशे चौदा कोटींच्या क्रमात शिरायला दारे एवढीच. खेळण्याला ती पुरतात. कुलपाचा गुप्त अंक मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नये, कारण हजारभर दारे ठोठावून पाहायला दुसऱ्या यंत्राला क्षणही लागत नाही.

बीजाच्या या प्रश्नाशी कापरेकरांची आणखी एक कल्पना आम्हांला जोडावीशी वाटते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते : १५ मध्ये १ आणि ५ मिळवून २१. पण २०, ३१, ४२, ५३ अशा काही संख्या कोणापासूनच जन्मत नाहीत. त्यांना पुढे देवळाली संख्या हे नावही मिळाले. आपण त्यांना स्वयंभू म्हणू. यंत्राच्या बीजाकडूनही अशाच स्वयंभूपणाची अपेक्षा असते. नियमातून निघालेले बीज नियम जाणणाऱ्यास सापडते. म्हणून ते नियमाच्या बाहेरून आणावे लागते.

कापरेकरांचे काम हयातीत पुष्कळांनी अंकांचा खेळ म्हणून बाजूला सारले. त्यांनी कितीतरी पुस्तिका स्वतःच छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले, १९८६ साली ते निवर्तले. खेळ हा शब्द त्यांच्या बाबतीत उणेपणाने वापरला गेला, हे आम्हांला खटकते. ठरलेली क्रिया पुनःपुन्हा केल्यास संख्या कोठे जाऊन थांबते, हा त्यांचा प्रश्न खेळण्यातल्या लहानशा चिपपासून बँकेच्या संदेशांपर्यंत सर्वत्र विचारावा लागतो. ऋतुपर्णाची मोजणीही बाहुकाला प्रथम फुशारकीच वाटली असावी. झाड तोडून पाने मोजल्यावर त्याने ती विद्या मागून घेतली. आपल्या वर्गांतून नलोपाख्यान शिकविताना या पानांच्या मोजणीपाशी थोडे थांबावे, आणि देवळालीच्या गुरुजींचे नाव तेथे घ्यावे, एवढेच आमचे सुचविणे आहे.