पखवाजाच्या खोडाचे नूतनीकरण
पखवाजाच्या खोडाचे नूतनीकरण : जुन्या पखवाजाचे लाकडी खोड साफ करून, भेगा बुजवून त्यावर पुन्हा रोगण चढविण्याची क्रिया. पखवाज हे अखंड लाकूड कोरून केलेले दुतोंडी चर्मवाद्य (पहा : मृदंग). रत्नागिरी जिल्ह्यात त्याची साथ भजनाला असते. खोड शिसव, खैर किंवा फणसाचे असते. प्रथम वादीखालचे लाकडी गठ्ठे काढून, चामड्याची वादी सैल करून दोन्ही तोंडांवरची चामड्याची पाने उतरवितात. जुने रोगण काचकागदाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासतात. भेगांत भुसा व सरस भरतात. नंतर स्पिरिटात विरघळविलेल्या चपड्या लाखेचे पातळ हात देतात. तोंडाची कड मात्र घासू नये; ती उंचसखल झाल्यास पान सारखे ताणले जात नाही व स्वर बिघडतो. पाने पुन्हा चढविणे कारागिराचेच काम आहे. दमट हवेत लाखेचे रोगण पांढुरके पडते, म्हणून कोकणात हे काम पावसाळा टाळून करावे लागते.