लहान मूल स्वतःशीच का बोलतं?
तीन ते सहा वर्षांची मुलं खेळताना ‘हे इथं ठेवू... नाही, थांब’ असं पुटपुटतात. मोठ्यांनी दिलेल्या सूचना ती आता स्वतःलाच देत असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते हेच बोलणं पुढे मनातल्या मनात होतं आणि मूल स्वतःला आवरू लागतं. म्हणून त्याला ‘गप्प बस’ म्हणू नका.

आदळआपट न करता ‘मला राग आला’ म्हणायला शब्द हवेत. ते आधी घरच्या भाषेत येतात. नागपुरात ती वऱ्हाडी, हिंदी किंवा गोंडीही असेल. अंगणवाडीत तिला हसू नये.

घरी रोज पाच मिनिटं ‘शिवाजी म्हणतो’ खेळा. नीट ऐकणं आणि वेळेवर थांबणं, दोन्हींचा सराव होतो.