पहिली वेलांटी

"तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय?" आईचा हा प्रश्न दर दिवाळीला ठरलेला. स्क्रीन बनवणाऱ्या मित्रांचं बरं असतं, मोबाइल काढला की दाखवता येतं. मी पडलो सीनियर बॅकएंड डेव्हलपर. माझं काम लोकांना दिसतं ते बिघडल्यावरच.

एकदा असंच दिसलं. माहिती नव्या डेटाबेसमध्ये हलवताना एका कॉलमचं एन्कोडिंग बदलायचं माझ्याकडून राहिलं. दोन दिवसांनी पाहतो तर मराठी नावांच्या जागी नुसती '????'. आणि ही प्रश्नचिन्हं फक्त पडद्यावर नव्हती, आत साठवलेलीही तीच! जुनी नावं बॅकअपमधून मिळाली. त्या दोन दिवसांत भरलेली मात्र कायमची गेली. त्या लोकांना फोन करून "तुमचं नाव काय?" असं विचारताना मान खाली गेली होती.

त्या आठवड्यात या एन्कोडिंगचा इतिहास शोधला, आणि तो निघाला आपल्या पुण्यातला.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. त्यांचा १९९१चा 'परम ८०००' महासंगणक सगळ्यांना ठाऊक असतो. पण तिथेच 'जिस्ट' नावाचा एक गट होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम मोहन तांबे यांच्यासारख्या इंजिनियरांनी इथे पुढे नेलं. पीसीत जिस्टचं कार्ड बसवलं की डॉसच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची.

खरी मेख साठवणुकीत होती. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण आपण उच्चारतो आधी क, मग इ. मग आत काय ठेवायचं, दिसतं ते की बोलतो ते? त्या काळातले बरेच डीटीपी फॉन्ट दिसतं ते साठवायचे, टाइपरायटरसारखं. फॉन्ट बदलला की मजकुराचं कडबोळं! 'इस्की' या सांकेतिक पद्धतीत मात्र उच्चाराचा क्रम ठेवला: आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे काढायचं काम पडद्याचं. १९९१ साली इस्की भारतीय मानक झालं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून. म्हणून आज मराठीत शोधता येतं, आणि फॉन्ट बदलला तरी मजकूर शाबूत राहतो.

मी ज्याला 'एक सेटिंग' समजून विसरलो, त्यामागे एवढा विचार होता. आता डेटा हलवायच्या आधी मी एक मराठी नाव टाकून, ते परत वाचून बघतो. ज्युनियर मुलांनाही तेच करायला लावतो.

असो. या दिवाळीत आईला म्हटलं, "तू मला 'किती वाजता येतोस' असा मेसेज करतेस ना, त्यातली पहिली वेलांटी नीट ठेवणं हे माझं काम."

आई म्हणाली, "ते असू दे. येतोस किती वाजता ते सांग!"